बेळगावला बदली आणि मुलाला शेंगांची ॲलर्जी: कुठले कागद, कुणाकडे

लष्कराच्या मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर बेळगावात असल्यामुळे सातारा-सांगली-कोल्हापूरकडची कितीतरी घरं कधी ना कधी इथे राहून जातात. मुलाला शेंगा (म्हणजे शेंगदाणे), दूध किंवा अंडं चालत नसेल, तर ट्रंका भरण्याआधी त्याची फाईल तयार करा.

ती आताच्या एमएचमध्येच, म्हणजे लष्करी रुग्णालयातच सुरू होते. बालरोगतज्ज्ञांकडून सही-शिक्क्याचं पत्र घ्या. कोणता पदार्थ, खाल्ल्यावर काय झालं, मुलाचं वजन आणि औषधाची मात्रा हे सगळं त्यात हवं. नुसतं ‘ॲलर्जी आहे’ एवढंच लिहिलं असेल तर पुन्हा लिहून मागा. जीव वाचवणारं औषध ॲड्रेनालिन आहे. ते मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत, किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम देतात. खाज कमी करणाऱ्या गोळीने अडकलेला श्वास सुटत नाही. औषध भरलेलं तयार इंजेक्शन-पेन आपल्याकडे सहजासहजी मिळत नाही, म्हणून अँप्युल (औषधाची काचेची कुपी) आणि सिरिंज कशी वापरायची ते डॉक्टरांसमोर स्वतःच्या हाताने शिकून घ्या.

एमएचमधल्या उपचारासाठी मुलाची पार्ट टू ऑर्डर, म्हणजे युनिटच्या कागदांत त्याची नोंद, झालेली असावी आणि डिपेंडंट कार्ड (कुटुंबीयांचं ओळखपत्र) हवं. धाकट्याचा जन्म नुकताच झाला असेल तर जन्मदाखला घेऊन युनिटच्या क्लार्कसाहेबांना आधी भेटा. अपंगत्वाचा दाखला काढा असं कुणी सुचवेल. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत अन्नाची ॲलर्जी नाही, त्यात दिवस घालवू नका.

क्वार्टरच्या अर्जाला पोस्टिंग ऑर्डरसोबत डॉक्टरांचं पत्रही जोडा. क्वार्टर मिळेपर्यंत स्वतःचं स्वयंपाकघर असलेली जागा हवी, असं अर्जात स्पष्ट लिहा. नंबर त्यामुळे पुढे सरकेलच असं नाही, पण मेसच्या जेवणावर मूल ठेवणं मला पटत नाही.

केंद्रीय विद्यालयात टीसी, सेवेचा दाखला आणि बदलीचा आदेश लागतो. नवा प्रवेश असेल तर मागच्या ७ वर्षांतल्या बदल्यांची संख्या प्राधान्यासाठी धरतात, म्हणून जुने आदेशही जपून ठेवा. ॲलर्जीचा अर्ज मुख्याध्यापकांना वेगळा द्या आणि पोच घ्या. मूल खानापूर-निपाणीकडच्या सरकारी मराठी शाळेत जाणार असेल तर हे आणखी गरजेचं, कारण कर्नाटकात सरकारी शाळांत दूध आणि अंडी देतात.

जेवण करणाऱ्या बाईंना मराठी येत असेलच असं धरू नका. अर्जासोबत कन्नडमध्ये लिहून घेतलेली चिठ्ठी द्या. शेंगाला इकडच्या कन्नडमध्येही शेंगाच म्हणतात. तीळ म्हणजे येळ्ळु, कारळं म्हणजे गुरेळ्ळु, दूध हालु आणि अंडं तत्ती. भाकरीबरोबरची कोरडी चटणी बहुतेक वेळा शेंगाची असते. इथल्या मिठायांपैकी कुंद्यात खवा असतो, तर गोकाकच्या करदंटात काजू-बदाम. पाकिटावर दूध, अंडी, मासे, शेंगदाणे, सोयाबीन अशांचा उल्लेख सक्तीचा आहे, पण त्या यादीत तीळ नाहीत. तिळाची ॲलर्जी असेल तर घटकपदार्थांची सगळी ओळ वाचा.

पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात एमआय रूममध्ये, म्हणजे युनिटच्या दवाखान्यात, फाईल दाखवून नोंद करून घ्या. पत्राच्या चार झेरॉक्स काढा. एक वर्गशिक्षिकेकडे, एक शाळेच्या गाडीवाल्या काकांकडे, एक शेजारच्या वहिनींकडे द्या आणि चौथी स्वयंपाकघराच्या दारावर लावा. चारही प्रतींवर १०८ आणि ११२ ठळक लिहा.