पश्चिमेचं ऊन, दक्षिणेचा छज्जा

दरवर्षी मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात सोलापुरात शून्य सावलीच्या बातम्या येतात. मैदानात बाटली उभी करायची, बारा-वीसच्या सुमारास तिची सावली बुडाखाली नाहीशी होताना बघायची, फोटो काढायचा. शाळा-कॉलेजांत हे जरूर करावं. पण त्याच आवारात, त्याच दिवशी, चार तासांनी काय दिसतं तेही बघावं. बाटलीऐवजी एक मीटरची काठी उभी करा. घड्याळात चार वाजून वीस मिनिटं झाली की तिची सावली पूर्वेकडे दीड मीटर लांब पडते. सूर्य तेव्हा जेमतेम ३३ अंश उंचीवर असतो. दुपारचं ऊन डोक्यावर पडतं, हे ऊन तोंडावर येतं. विद्यापीठाच्या इमारतींचं गणित बिघडतं ते बहुतेक या उन्हामुळे.

विद्यापीठाला जागा मिळते ती गावाबाहेर, उघड्या माळावर. २००४ साली स्थापन झालेलं सोलापूर विद्यापीठही पुणे महामार्गावर केगावजवळ आहे. अशा मोकळ्या जागेचा फायदा मोठा: इमारत कशीही वळवता येते. तरी ती वळवली जाते रस्त्याकडे, कारण दर्शनी बाजू रस्त्यावरून दिसायला हवी असते. रस्ता पश्चिमेला असेल तर सगळी काच पश्चिमेला लागते. पुढची तीस-चाळीस वर्षं तिथं बसणाऱ्यांनी त्या काचेवर पडदे, पुठ्ठे आणि वर्तमानपत्रं चिकटवायची.

आता दक्षिण भिंतीकडे या. सोलापूर १७.७ उत्तर अक्षांशावर आहे. २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या आसपास इथं एक सुंदर गोष्ट घडते. दक्षिण भिंतीवर सलग छज्जा असेल, तर त्याच्या सावलीची खालची कड दिवसभर एकाच रेषेवर राहते. सूर्य पूर्वेकडून पश्चिमेकडे जातो, पण ती रेषा वर-खाली होत नाही. त्या दिवशी सूर्य विषुववृत्ताच्या पातळीतच फिरतो. ती पातळी दक्षिणेकडे कललेली असते आणि भिंतीला कायम एकाच आडव्या रेषेत छेदते. आडव्या छज्ज्याशी तिचा कोन ९० वजा १७.७, साधारण ७२ अंश. ६० सेंमीचा म्हणजे दोन फुटांचा छज्जा तेव्हा जवळजवळ १.९ मीटर भिंत सावलीत ठेवतो. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य चक्क उत्तरेला असतो, त्यामुळे भर दुपारी दक्षिण भिंतीवर ऊन नसतंच. ऑक्टोबर हीटमध्ये, १५ ऑक्टोबरच्या मध्यान्ही, हाच छज्जा १.२ मीटर झाकतो, म्हणजे चार फुटी खिडकी पूर्ण सावलीत. डिसेंबरात सावली ७० सेंमीवर येते आणि खिडकीच्या खालच्या भागातून हवंहवंसं ऊन आत येतं. एक साधी आडवी फळी, कुठलंही यंत्र नाही, आणि ऋतूप्रमाणे ऊन आपोआप कमी-जास्त होतं. मात्र छज्जा खिडकीपुरता तोकडा नको. सकाळ-संध्याकाळी सूर्य तिरका असतो आणि कडेने ऊन आत शिरतं. भिंतभर सलग ओढावा, निदान दोन्ही बाजूंना फूट-दीड फूट जास्त घ्यावा.

दक्षिण अशुभ, तिकडे दार-खिडकी नको, असा सल्ला देणारे वास्तुतज्ज्ञ सरकारी इमारतींच्या बैठकांतही भेटतात. सोलापूरच्या आकाशात सावली करायला सगळ्यात सोपी दिशा कोणती, तर हीच दक्षिण. तिला घाबरून खिडक्या पश्चिमेला फिरवायच्या, म्हणजे नसलेल्या धोक्यापायी खरा धोका घरात घ्यायचा.

कारण पश्चिमेला तोच दोन फुटी छज्जा मे महिन्यात चार-वीस वाजता फक्त ४० सेंमी सावली देतो. चार फुटी खिडकी झाकायला तो १.८ मीटर पुढे काढावा लागेल, आणि तासाभराने तेही पुरत नाही, सूर्य १९ अंशांवर येतो. उघड्या काचेच्या प्रत्येक चौरस मीटरमागे तेव्हा साधारण ५०० वॅट उष्णता आत येते. दोन चौरस मीटर काच म्हणजे खोलीत एक हीटर चालू. वर्गात ६० मुलं असतील तर त्यांच्या अंगची उष्णता आणखी सहा किलोवॅट. पश्चिमेला म्हणून खिडकी नकोच. तिथं जिना, स्वच्छतागृहं, भांडारखोल्या ठेवाव्यात. कॉरिडॉर ठेवायचा तर आठ फूट रुंद, मीटरभर कठड्याचा, आणि कठड्याच्या वर जाळी. जाळी नसेल तर चार-वीसच्या उन्हाची रेघ आतल्या भिंतीवर पावणेपाच फुटांपर्यंत चढते. उत्तर बाजू बरी, पण जूनच्या संध्याकाळी सूर्य पश्चिमेच्या १९ अंश उत्तरेला असतो. तिथं आडवा छज्जा पुरत नाही. खिडकीच्या पश्चिम कडेला ४० सेंमीची उभी पट्टी चार फूट रुंदी झाकते.

इथपर्यंत झालं उन्हाचं. भिंतीत शिरलेली उष्णता ही वेगळीच गोष्ट, आणि इथं थोडं गणित सहन करावं लागेल. दिवसाचं तापणं-निवणं ही २४ तासांची लाट असते. काँक्रीटमधून आत जाताना ढोबळमानाने दर १५ सेंमीला ती एक तृतीयांश होते आणि चार तास उशिरा पोचते. दुपारी एकला तापलेली सहा इंची स्लॅब आतून पाचच्या सुमारास सर्वांत गरम असते. दोन फुटी दगडी भिंतीत हाच हिशोब चार वेळा लावा: लाटेचा जेमतेम ऐंशीवा हिस्सा उरतो, तोही सोळा तासांनी. जुन्या वाड्यांत आणि माळवदाखाली भर उन्हाळ्यात गारवा असतो तो यामुळे. मातीचा जाड थर लाट पोचूच देत नाही.

वीटकामात उशीर जास्त. नऊ इंची विटेच्या भिंतीत तो सात-साडेसात तास होतो. वसतिगृहाच्या पश्चिमेकडच्या खोलीत रात्री बारा वाजता भिंतीला तळहात लावून बघा: बाहेरून ती गार झालेली असते, आतून गरम लागते. साडेचारचं ऊन मध्यरात्री आत पोचलेलं असतं, नेमकं मुलं झोपायच्या वेळी. वर्गासाठी हीच भिंत चालते, कारण वर्ग पाचला सुटतो. म्हणून वर्गांची इमारत आणि वसतिगृह एकाच नकाशावर उभं करणं ही चूक आहे. वर्ग जड बांधावेत. वसतिगृहाच्या पश्चिम भिंतीला एएसी ब्लॉक (हवेचे बुडबुडे असलेल्या हलक्या काँक्रीटचे ठोकळे) किंवा पोकळ भिंत हवी.

जड इमारतीची एक अट असते, ती रात्री निवली पाहिजे. एप्रिलमध्ये सोलापुरात दिवस-रात्रीत साधारण १५ अंशांचा फरक पडतो, गार हवा फुकट मिळते. पण पाच वाजता शिपाई सगळ्या खिडक्या लावून कुलूप घालतो आणि भिंती कोंडलेल्या गरमीत रात्र काढतात. त्यासाठी छताजवळ लोखंडी गज आणि पारव्यांसाठी जाळी असलेले झरोके ठेवावेत, जे कधी बंद करावेच लागत नाहीत.

छताचा थर बाहेरून द्यायचा. स्लॅबवर वॉटरप्रूफिंग, त्यावर पाच सेंमीचे एक्सपीएस (उष्णता अडवणाऱ्या प्लास्टिक फोमचे) बोर्ड, मग उतार देणारं काँक्रीट आणि वर पांढरं चायना मोझॅक. उष्णता अडवण्यात ते पाच सेंमी अडीच मीटर काँक्रीटच्या तोडीचे आहेत. पैसे वाचवायला हाच थर खालून, फॉल्स सीलिंगवर टाकला तर खोली थोडी सुखावते, पण स्लॅब उन्हातच राहते. ४० मीटर लांबीची स्लॅब ३० अंशांच्या फरकाने १२ मिलिमीटर लांब होते. पॅरापेटच्या मुळाशी तडा जातो आणि पहिल्या पावसात वरच्या मजल्यावर ओल येते. मोझॅकवर सोलापूरची धूळ बसली की पांढरेपणाचा उपयोग निम्मा होतो. फेब्रुवारीत एकदा छत धुवून घ्यावं.

आणि पश्चिमेला कडुनिंब. फेब्रुवारी-मार्चमध्ये पानगळ होऊन ऐन उन्हाळ्यात तो पुन्हा भरलेला असतो. भिंतीपासून सहा मीटरवर दहा मीटर उंच झाड चार-वीसला दोन मजले सावलीत ठेवतं. त्याहून जवळ लावू नये, काळ्या मातीत मुळं पाणी ओढून पायाजवळची जमीन आक्रसवतात. झाड एवढं व्हायला वर्षं लागतात, म्हणून खड्डे घ्यायचे ते आराखडा ठरेल त्याच पावसाळ्यात, पायाचं खोदकाम सुरू व्हायच्या आधी, आणि ठेकेदाराची खडी-वाळू त्या रांगेवर पडू नये म्हणून तारेचं कुंपणही तेव्हाच घालायचं.