कार्यशाळेतला पहिला एडिटर : नॅनोच्या निवडीची पार्श्वभूमी

नवशिक्यांना कोडिंग शिकवताना कोणता टेक्स्ट एडिटर (कोड लिहिण्याचा प्रोग्राम) हाती द्यावा, हा प्रश्न वाटतो तितका जुना नाही. संगणक प्रयोगशाळेचा असे तोवर एडिटरही प्रयोगशाळेचाच असे. आपल्याकडील महाविद्यालयांत टर्बो सी या जुन्या कोडिंग प्रोग्रामच्या निळ्या पडद्याने हीच व्यवस्था गरजेपेक्षा फार जास्त काळ टिकवली. शिकणारे आपापले लॅपटॉप घेऊन येऊ लागले आणि एकाच खोलीत विंडोज, मॅक व लिनक्स नांदू लागले, तेव्हा निवड करणे भाग पडले. विंडोजचे नोटपॅड तेव्हा उपयोगाचे नव्हते, कारण युनिक्स (लिनक्स व मॅक ज्या घराण्यातले, ती प्रणाली) पद्धतीने ओळी तोडलेली फाइल ते २०१८ पर्यंत सलग एकाच ओळीत दाखवत असे.

कमांड लाइन (आज्ञा टाइप करून संगणक चालवण्याची पद्धत) आणि गिट (फाइलींतल्या बदलांची नोंद ठेवणारे साधन) शिकवणाऱ्या अनेक कार्यशाळांनी नॅनो हा कमांड लाइनवर चालणारा एडिटर स्वीकारला. गंमत अशी की, त्याचा जन्म नवशिक्यांच्या सोयीसाठी झालेला नाही. पाइन या ईमेल प्रोग्रामसोबत येणाऱ्या पिको एडिटरचा परवाना पुरेसा मुक्त नव्हता, म्हणून १९९९ मध्ये त्याला टिप नावाचा मुक्त पर्याय लिहिला गेला. त्याच नावाची युनिक्स आज्ञा आधीपासून असल्याने २००० मध्ये त्याचे नाव नॅनो झाले. कार्यशाळांत त्याचे फावले ते व्हिम या दुसऱ्या, नवख्याला अवघड जाणाऱ्या एडिटरमुळे. कमिटचा (बदलांच्या नोंदीचा) संदेश आज्ञेतच दिला नाही, तर गिट स्वतःच एखादा एडिटर उघडते आणि तो बहुधा व्हिम असे. त्यातून बाहेर कसे पडावे, हा एका प्रश्नोत्तर संकेतस्थळावरील प्रश्न २०१७ पर्यंत दहा लाखांहून अधिक वेळा पाहिला गेला होता.

तरीही ही निवड वादग्रस्त राहिली, आणि वादाचे मूळ ‘सोपा’ या शब्दात आहे. इन्स्टॉल करायला सोपा, शिकवायला सोपा आणि वापरायला सोपा हे तीन वेगळे गुण आहेत. नॅनो आज्ञांची यादी पडद्याच्या तळाशी दाखवतो खरा, पण तिथल्या ^ या चिन्हाचा अर्थ कंट्रोल कळ असा आहे, हे सांगितल्याशिवाय कुणाला उमगत नाही. यादीत साठवण्यासाठी कंट्रोल-ओ दिलेले असते आणि माउसने क्लिक करून कर्सर सहसा हलत नाही. सर्व यंत्रांवर एकच पडदा दिसतो ही सोय मुख्यतः शिकवणाऱ्याची आहे, हा आक्षेप मला रास्त वाटतो.

पर्यायांचीही शाश्वती नव्हती. २०१५ मध्ये १.० आवृत्तीला पोहोचलेला ॲटम हा एडिटर मोफत आणि देखणा होता, म्हणून अनेकांनी आपल्या शिकवणीच्या पुस्तिका त्यावर बेतल्या. १५ डिसेंबर २०२२ रोजी तो बंद झाला आणि पुस्तिकांतली पडद्याची चित्रे निरुपयोगी ठरली. त्याआधी वर्षभर ब्रॅकेट्स या एडिटरचीही मूळ कंपनीने साथ सोडली होती. आता व्हीएस कोड हा एडिटर जवळपास गृहीत धरला जातो. मात्र चल (व्हेरिएबल) म्हणजे काय हे कळण्याआधीच तो पुढची ओळ सुचवू लागतो, म्हणून पहिल्या दिवशी त्याच्या सूचना बंद करून घेण्यातच काही वेळ जातो.