धोका जमिनीत, जोखीम घरात

धोका आणि जोखीम हे शब्द आपण सर्रास एकाच अर्थाने वापरतो. पण त्यांच्यासोबत येणारी क्रियापदं बघा. धोका ‘असतो’ किंवा ‘टळतो’. जोखीम मात्र कुणीतरी ‘घेतं’, ‘पत्करतं’, नाहीतर दुसऱ्याच्या ‘अंगावर टाकतं’. आपत्ती व्यवस्थापनातही फरक जवळपास हाच आहे. इजा करू शकणारी गोष्ट, म्हणजे भूकंप, पूर, विषारी वायू, हा धोका. तिच्या वाटेत किती माणसं आहेत आणि ती कशाच्या आसऱ्याला आहेत, हे धरून होणाऱ्या नुकसानीचा अंदाज म्हणजे जोखीम. हा फरक लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीच्या भूकंपाइतका उघडपणे मला दुसरीकडे कुठे दिसलेला नाही.

३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती विसर्जन करून लोक उशिरा घरी येऊन झोपले होते. सुमारे ६.२ तीव्रतेच्या भूकंपाने लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतली गावंच्या गावं भुईसपाट झाली आणि सुमारे ८ हजार माणसं गेली. १९८९ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसराला ६.९ तीव्रतेचा भूकंप बसला होता. त्यात किल्लारीच्या दहापटीहून जास्त ऊर्जा बाहेर पडली आणि भोवती दाट शहरी वस्ती होती. तिथे ६३ माणसं मेली. धोका तिकडे मोठा होता, जोखीम इकडे.

ही जोखीम आली कुठून? माळवदातून. दोन-तीन फूट जाड, कुठे त्याहूनही रुंद दगडमातीच्या भिंती, आत लाकडी खांब आणि तुळया, वर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात हे घर गार राहतं, चोराचिलटांपासून सुरक्षित वाटतं आणि भिंतीच्या जाडीवरून घराण्याची ऐपतही कळते. पाऊस गळू नये म्हणून दर काही वर्षांनी वर आणखी माती घालायची. कुठलंही नीटनेटकं कुटुंब हेच करत आलं, आणि डोक्यावरचं वजन वाढत गेलं. भिंत जाड असली तरी अखंड नव्हती. बाहेरच्या आणि आतल्या अंगाला दगडांची एकेक फळी आणि मध्ये माती-दगडांची भरती, पण दोन्ही फळ्यांना आरपार जोडणारे लांब दगड क्वचितच. हादरा बसताच फळ्या सुटल्या आणि दगड झोपलेल्या माणसांवर आले. त्याच गावात मेढी रोवून वर गवताचं छप्पर घातलेल्या झोपड्या मात्र बऱ्याच प्रमाणात तगल्या. गावाच्या लेखी जे घर भक्कम, तेच जास्त जीवघेणं ठरलं. हे वाचताना आजही माझ्या अंगावर काटा येतो, कारण त्या घरांमध्ये कुणाचाही निष्काळजीपणा नव्हता.

सरकारी नकाशाचा गोंधळ याच फरकातून होतो. तेव्हाच्या भूकंपप्रवण क्षेत्रांच्या नकाशात हा भाग पहिल्या, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या क्षेत्रात होता. ‘सर्वांत कमी’चा अर्थ व्यवहारात ‘नाहीच’ असा घेतला गेला. १९९२ मध्ये किल्लारीच्या आसपास लहान लहान धक्के बसले, लोक घाबरलेही. पण घरं तशीच राहिली. २००२ मध्ये पहिलं क्षेत्र नकाशातून काढून टाकलं आणि दुसऱ्यात मिळवलं. ते योग्यच झालं. तरी नकाशा सांगतो तो फक्त धोका. तुमच्या भिंतीत काय भरलंय हे त्याला माहीत नसतं.

भूकंपानंतर भीतीने उलटी बाजू घेतली. लोकांना दगड नकोसा झाला. कित्येक जण महिनोन्‌महिने पत्र्याच्या शेडमध्ये राहिले आणि पक्कं घर म्हणजे सिमेंटचंच असा आग्रह धरला. ज्यांच्या डोळ्यांदेखत दगडाखाली माणसं गेली, त्यांना यात चूक म्हणण्याची माझी हिंमत नाही. पण भीती वस्तूला चिकटते, बांधणीला नाही. २६ जानेवारी २००१ च्या भुज भूकंपात केंद्रापासून दोनशेहून जास्त किलोमीटरवरच्या अहमदाबादेत बहुमजली इमारती कोसळल्या. त्या सिमेंट-काँक्रीटच्याच होत्या. त्यांतल्या अनेकांच्या तळाशी पार्किंगसाठी नुसत्या खांबांवर उभा मोकळा, म्हणून कमकुवत मजला होता.

पुनर्वसनात शासनाने जागतिक बँकेच्या कर्जातून मोठं काम केलं. ५२ गावं नव्या जागी वसवली, दीड लाखाहून जास्त घरांच्या दुरुस्तीला पैसे दिले. यात स्थलांतराचं कौतुक जास्त झालं. पण नवी गावं जुन्यापासून काही किलोमीटरवरच होती, म्हणजे जमिनीतला धोका होता तोच. जोखीम उतरली ती घर बदलल्यामुळे, पत्ता बदलल्यामुळे नव्हे. उलट रुंद रस्त्यांच्या, आखीव चौकोनी गावात शेत लांब गेलं, शेजार तुटला आणि उन्हाळ्यात स्लॅब तापू लागला. दुरुस्तीच्या योजनेत जुन्या भिंतींना आरपार दगड घालून बळकटी देण्याची सोय होती. तिचा वापर थोडाच झाला. बऱ्याच जणांनी त्या पैशातून विटा-सिमेंटची एक नवी खोली बांधली आणि जुनं माळवदही वापरात ठेवलं. नव्या खोलीने भीती कमी झाली, माळवदातली जोखीम मात्र तशीच राहिली.

या सगळ्यात मला सर्वांत मोलाचं वाटतं ते महिला मंडळांमधून नेमलेल्या ‘संवाद सहायक’ बायकांचं काम. कुणाला किती मदत मिळणार, घर भूकंपात टिकावं म्हणून काय करायचं, हे त्यांनी घरोघरी समजावलं आणि गावातल्या बांधकामांवर नजर ठेवली. जमिनीखाली काय चाललंय हे त्या बदलू शकत नव्हत्या. पुढ्यात उभी राहत असलेली भिंत मात्र त्या बघू शकत होत्या, आणि गवंड्याला प्रश्न विचारू शकत होत्या.