जंताची गोळी आणि परसातली माती

जंतनाशक दिनी बाई गोळी हातावर ठेवतात, समोरच चावून खायला लावतात आणि नावापुढे खूण करतात. गोळी अल्बेंडाझोलची, ४०० मिलिग्रॅमची. दोन वर्षांखालच्या मुलाला अर्धी. राष्ट्रीय जंतनाशक दिन २०१५ साली ११ राज्ये व केंद्रशासित प्रदेशांत सुरू झाला आणि पुढच्या वर्षी देशभर पोचला. एक ते एकोणीस वर्षांच्या सगळ्याच मुलांना, पोटात जंत आहेत की नाहीत हे न तपासता ती दिली जाते. औषध स्वस्त आणि सुरक्षित असल्यामुळे तपासणीत वेळ दवडण्यापेक्षा हे बरं पडतं.

गोळी येण्याआधी गोव्यात, आमच्या पेडण्यातल्या घरी किरायतें ही कडू वनस्पती होती. आजी न्हाणीमागचं रोप उपटून आणायची, पाट्यावर ठेचायची आणि फडक्यातून पिळून वाटीभर काळपट हिरवा रस पुढे करायची. नाक धरून प्यायचा, वर गुळाचा खडा. वावडिंग मात्र दुकानातून आणावं लागे. त्याची परंपरा फार जुनी. चरकसंहितेच्या विमानस्थानात कृमींचे २० प्रकार सांगितले आहेत आणि उपाय तीन: कृमी बाहेर काढणं, पोटात त्यांना राहवणार नाही असं करणं आणि ज्या कारणाने ते होतात ते कारणच टाळणं. मला हा तिसरा उपाय सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, आणि आपण कमी पडलो तेही तिथेच.

‘परसाकडे जाऊन येतो’ हा शब्दप्रयोग आपण अजून करतो. तो आला कुठून, हे वेगळं सांगायला नको. कुळागराची म्हणजे पोफळीच्या बागेची सावली, ओली भुसभुशीत माती, अनवाणी पाय: अंकुशकृमीला (हुकवर्मला) यापेक्षा सोयीची जागा नाही. मिलानमध्ये डुबिनी यांना हा जंत १८३८ साली सापडला, पण तो शरीरात शिरतो कसा हे कळायला पुढची साठ वर्षं लागली. कैरोत लूस या संशोधकाच्या हातावर अळ्यांचं पाणी सांडलं, तिथे खाज सुटली आणि काही आठवड्यांनी त्यांच्याच विष्ठेत अंडी दिसू लागली. अळी कातडीतून रक्तात, रक्तातून फुप्फुसात, तिथून घशात येते आणि गिळली जाऊन आतड्यात पोचते. तिथे ती रक्त पिते. भातशेतात राबणाऱ्या कितीतरी बायकांचा फिकटपणा आपण ‘अशक्तपणा’ म्हणून सोडून दिला.

गोव्यात आणखी एक वाट होती. जुन्या घरांमागे उंचावरचा संडास असे आणि खाली डुकरं. विष्ठेतली फीतकृमीची (टेपवर्मची) अंडी डुकराच्या पोटात जात, त्याच्या मांसात गाठी धरत आणि मांस कच्चं राहिलं की जंत परत माणसात येई. पण अंडी थेट माणसाच्या पोटात गेली तर गाठी मेंदूत होऊ शकतात आणि फिट्स येतात. हे शाकाहारी माणसालाही होतं, न धुतलेल्या भाजीतून किंवा वाढणाऱ्याच्या हातातून. म्हणून ‘आम्ही डुक्कर खात नाही’ म्हणून कुणी निर्धास्त राहू नये. शाळेतली एक गोळी या जंतावर भरवशाची नाही; त्यासाठी डॉक्टरकडेच जायला हवं.

गोड खाल्ल्याने जंत होतात, हे मात्र खरं नाही. गोल जंताची मादी दिवसाला सुमारे दोन लाख अंडी घालते आणि ती मातीत कित्येक वर्षं तग धरतात. फेब्रुवारीत गोळी खाऊन मूल जंतांपासून मोकळं झालं, तरी तीच माती नखांत घेऊन जेवायला बसलं की पावसाळ्यापर्यंत त्याचं पोट पुन्हा जंतांनी भरू शकतं.