सिद्धांताचा नियम होत नसतो

आधी गृहीतक, पुरावे मिळाले की सिद्धांत, आणि तो शंभर टक्के पक्का झाला की नियम. ही शिडी शाळेत आपल्यापैकी अनेकांनी पाठ केली आहे, मीही केली होती. ती चुकीची आहे. तिच्यामुळेच ‘उत्क्रांती हा नुसता सिद्धांत आहे, नियम थोडाच आहे?’ असं चांगली शिकलेली माणसंही सहज बोलून जातात. जंतूंमुळे रोग होतात हाही सिद्धांतच, हे तेव्हा कुणाला आठवत नाही.

सुई काढलेली सिरिंज घ्या. दट्ट्या १० मिलीवर ठेवा, तोंड अंगठ्याने घट्ट दाबून धरा आणि दट्ट्या आत रेटा. ५ च्या खुणेपर्यंत जाताना चांगलाच जोर लागतो. हात सोडला की दट्ट्या मागे उसळतो. हवेची जागा निम्मी झाली की दाब दुप्पट होतो, हे रॉबर्ट बॉइलने १६६२ साली मांडलं. एक टोक बंद असलेल्या वाकड्या काचनळीत तो पारा ओतत गेला आणि आकडे टिपत गेला. कोंडलेली हवा ४८ भागांवरून २४ वर आली, तेव्हा दाब २९ इंच पाऱ्यावरून जवळजवळ ५९ इंचांवर पोचला. त्याच्या कोष्टकात अपेक्षित आकड्यांचा वेगळा रकाना आहे. त्या रकान्याच्या मथळ्यात बॉइलने स्वतः शब्द वापरला, ‘गृहीतक’. आज आपण त्यालाच बॉइलचा नियम म्हणतो. मधे सिद्धांताची पायरी लागलीच नाही.

नियम काय घडतं ते सांगतो. ते का घडतं, हे सांगणं सिद्धांताचं काम. दबलेली हवा उसळते का? बॉइलला ती लोकरीच्या पुंजक्यासारखी वाटली, दाबली की दबणारी आणि सोडली की फुगणारी. ही कल्पना मागे पडली, नियम राहिला. १७३८ मध्ये डॅनियल बर्नुलीने वेगळं उत्तर दिलं. हवेचे कण सतत धावत असतात, भिंतींवर आपटत असतात. जागा निम्मी झाली की भिंतीच्या तेवढ्याच भागावर दुप्पट धडका बसतात. एकोणिसाव्या शतकात यातूनच वायूंचा गत्यात्मक सिद्धांत उभा राहिला.

प्रचंड दाबाखाली मात्र बॉइलचा नियम चुकतो. आणि तो का चुकतो हे सांगितलं सिद्धांतानेच! रेणू एकमेकांना ओढतात आणि त्यांना स्वतःची जागाही लागते, हे व्हान डर वाल्सने १८७३ साली हिशेबात धरलं. दट्ट्या कितीही आत रेटला, तरी रेणू काही लहान होत नाहीत.