स्त्री-आरोग्याचे आयुष्यक्रम-संशोधन : ठाणे आणि नवी मुंबई

मुलगी आईच्या पोटात असल्यापासून ती म्हातारी होईपर्यंत तिच्या आरोग्याचा सलग माग ठेवणारी अभ्यासपद्धत. गरोदरपणात साखर वाढलेल्या बाईला पुढे मधुमेह होण्याची शक्यता बरीच जास्त असते, गरोदरपणात रक्तदाब चढलेल्या बाईला उतारवयात हृदयविकाराची. वयात येतानाच रक्त कमी असलेल्या मुलीचे बाळ कमी वजनाचे निघण्याची शक्यता जास्त, आणि ते बाळ मुलगी असेल तर तीच कथा पुन्हा सुरू होते. मात्र बाळंतपणाचे कागद प्रसूतिगृहात, साखरेचे रिपोर्ट फॅमिली डॉक्टरकडे आणि हृदयाची फाइल तिसरीकडे, त्यामुळे ही साखळी सहसा कोणाच्याच नजरेस पडत नाही. ती जोडणे हे या संशोधनाचे काम.

या विचाराला बळ दिले ते इंग्लंडमधील डेव्हिड बार्कर यांनी. प्रौढपणीच्या हृदयविकाराची मुळे गर्भावस्थेतल्या आणि बालपणातल्या कुपोषणात असावीत, असे त्यांनी १९८६ मध्ये मांडले. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या स्त्रियांचा अभ्यास केला. तिथली नवजात बाळे सरासरी २.७ किलोची, म्हणजे इंग्लंडच्या बाळांपेक्षा बरीच लहान होती; पण त्यांच्या अंगावरची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. स्नायू कमी, चरबी शाबूत. ‘रोड पण चरबीयुक्त’ भारतीय बाळाची ही कल्पना तिथली. त्याआधी राणी बंग आणि सहकाऱ्यांनी गडचिरोलीच्या दोन गावांतल्या ६५० स्त्रिया तपासल्या (निष्कर्ष १९८९), तेव्हा ९२ टक्के स्त्रियांना एखादा तरी स्त्रीरोग निघाला आणि एकूण स्त्रियांपैकी जेमतेम ८ टक्के स्त्रियांची त्यापूर्वी कधी आतून तपासणी झालेली होती. बाई गरोदर नसेल तर तिला तपासायचे कशाला, ही समजूत या आकड्यांनी उघडी पाडली.

औषधांच्या संशोधनात दुखणे वेगळे होते. अमेरिकेत १९७७ च्या मार्गदर्शक सूचनेने मूल होऊ शकणाऱ्या वयाच्या स्त्रियांना औषधचाचण्यांच्या सुरुवातीच्या टप्प्यांतून बाहेर ठेवले. ती १९९३ मध्ये मागे घेतली गेली. झोपेच्या झोल्पिडेम या गोळीचा स्त्रियांसाठीचा डोस तिथे निम्मा व्हायला २०१३ उजाडले, कारण हे औषध स्त्रियांच्या शरीरातून सावकाश बाहेर पडते.

नकाशाचा घोळ

ठाण्यात काम करणाऱ्याने आकड्यांआधी नकाशा पाहावा. २०११ च्या जनगणनेत ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या १ कोटी १० लाखांवर होती, देशात सर्वाधिक. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची चौथी फेरी २०१५-१६ मध्ये झाली, पण तिने जिल्हे २०११ च्या जनगणनेचेच धरले. म्हणजे तिच्यातल्या ‘ठाणे’मध्ये जव्हार, मोखाडा, डहाणूही आहेत. पाचव्या फेरीत (२०१९-२१) पालघर स्वतंत्र आहे. दोन्ही फेऱ्यांचे आकडे शेजारी मांडून ‘ठाण्यात सुधारणा झाली’ असे लिहिणारा अहवाल अर्धी सुधारणा सीमारेषेची मोजत असतो.

नवी मुंबईचा घोळ निराळा. वाशी, नेरूळ, ऐरोली ठाणे जिल्ह्यात आणि नवी मुंबई महापालिकेत. खारघर, कामोठे, कळंबोली रायगड जिल्ह्यात आणि २०१६ साली झालेल्या पनवेल महापालिकेत. टाटा स्मारक केंद्राची कर्करोग-संशोधन संस्था अॅक्ट्रेक खारघरला आहे, म्हणजे पत्त्यात नवी मुंबई आणि जिल्ह्याच्या रकान्यात रायगड. नेरूळहून खारघर हार्बरवर तिसरे स्टेशन. भाड्याची खोली बदलून बाई तिथे गेली की तिचा जिल्हा, महापालिका, आरोग्यकेंद्र आणि आशाताई एकदम बदलतात.

माग का सुटतो

अशा अभ्यासाचा जीव नमुन्याच्या आकारापेक्षा टिकण्यात असतो. दरवर्षी १० टक्के स्त्रिया हातून निसटल्या तर हजारांपैकी दहाव्या वर्षी सुमारे ३५० उरतात. शिवाय निसटणाऱ्या बऱ्याचदा भाड्याने राहणाऱ्या, नुकत्या लग्न झालेल्या किंवा काम सुटलेल्या असतात. ज्यांचे आरोग्य बिघडण्याचा संभव जास्त त्याच आधी जातात आणि उरलेल्यांचे निष्कर्ष गोड दिसू लागतात.

इथली कारणे ठरलेली आहेत. पहिले बाळंतपण माहेरी. सातव्या महिन्यात ओटीभरण झाले की ठाण्याची सून साताऱ्याला, रत्नागिरीला किंवा जौनपूरला जाते आणि बाळ दोन-तीन महिन्यांचे झाल्यावर परतते. जन्मवजन आणि बाळंतपणातला रक्तदाब, दोन्ही महत्त्वाच्या नोंदी माहेरच्या दवाखान्यात राहतात. यावर उपाय म्हणजे ओटीभरणाआधीच्या भेटीत माहेरच्या आरोग्यकेंद्राचे नाव लिहून घेणे आणि माता-बाल संरक्षण कार्ड सोबत न्यायला सांगून परत आल्यावर त्याचा फोटो घेणे. किशोरवयीन मुलींच्या अभ्यासात लग्न झाले की आडनाव जाते, काही घरांत पहिले नावही. नोंदणीवेळी माहेरचे पूर्ण नाव, आईचे नाव आणि मूळ गाव लिहिले नसेल तर ती मुलगी पुन्हा सापडत नाही. मोबाइल नंबर बहुधा नवऱ्याचा असतो. म्हणून आई, बहीण आणि शेजारीण असे तीन नंबर घ्यावेत आणि दर सहा महिन्यांनी ते लागतात का पाहावे. चाळीचा पुनर्विकास सुरू झाला की अख्खी वस्ती संक्रमण शिबिरात किंवा भाड्याने चहूकडे पांगते. सोसायटीच्या कमिटीकडची भाड्याच्या चेकची यादी अशा वेळी मतदारयादीपेक्षा जास्त कामाची असते, पण बाईच्या संमतीत तसा शोध घेण्याची परवानगी आधी लिहिलेली हवी.

शहरी भागात एका आशाकडे साधारण १,००० ते २,५०० लोकसंख्या असते आणि संशोधनाचे घरोघर फिरणे तिच्याच पायांवर चालते. तिला प्रत्येक फॉर्ममागे पैसे ठरले की कोरे रकाने घरी बसून भरले जातात, हे गृहीत धरून दहापैकी एका घरी पर्यवेक्षकाने पुन्हा जावे.

आणखी एक तिरकेपणा क्वचितच कबूल केला जातो. सकाळी अकराला घरी सापडते ती वस्तीतली बाई. घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये वॉचमन खालीच अडवतो, आणि डोंबिवलीहून साडेसातची गाडी पकडणारी किंवा ऐरोली-महापेला रात्रपाळी करणारी बाई कुठल्याच पाहणीत नसते. सोसायटीच्या सेक्रेटरीचे पत्र आणि रविवार दुपार, या दोन गोष्टींशिवाय हा गट हाती लागत नाही. वस्तीतही नळाला पाणी यायची वेळ टाळावी.

पाळीची तारीख

गरोदरपणाचे दिवस मोजायचे असोत वा हार्मोनसाठी रक्त घ्यायचे असो, सगळे शेवटच्या पाळीच्या तारखेवर उभे असते. ‘तारीख आठवते का?’ या प्रश्नाला अंदाजपंचे उत्तर मिळते. ‘गणपतीत बाहेर बसला होतात का? दसऱ्याला?’ असे विचारत, भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर बोट ठेवून मागे गेले की तारीख दोन-तीन दिवसांच्या फरकाने सापडते. पण इथेच एक खड्डा आहे. सणासुदीला, पूजेला किंवा लग्नाला पाळी नको म्हणून ती पुढे ढकलायच्या गोळ्या मेडिकलमधून सर्रास घेतल्या जातात. नॉरएथिस्टेरॉन ५ मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा, पाळीच्या तीन दिवस आधीपासून. गोळी थांबवल्यावर साधारण दोन-तीन दिवसांनी रक्तस्राव होतो. त्या चक्रातली ‘पाळीची तारीख’ बाईच्या शरीराने ठरवलेली नसते आणि दुसऱ्या ते पाचव्या दिवसात घेतलेल्या रक्तातले आकडेही फसवे निघतात. ‘गोळ्या घेता का?’ असे विचारले तर ‘नाही’ येते, कारण या गोळ्या औषधात मोजल्याच जात नाहीत. ‘गौरीला पाळी पुढे ढकलली होती का?’ असेच विचारायला हवे.

तारखेची खातरजमा पहिल्या तिमाहीतल्या सोनोग्राफीने होते. ९ ते १३ आठवड्यांत सोनोग्राफी आणि पाळी यांत सातपेक्षा जास्त दिवसांचा फरक आला तर सोनोग्राफीची तारीख धरतात. गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यामुळे (१९९४) ही तपासणी नोंदणीकृत केंद्रातच, एफ फॉर्म भरून होते; संशोधनासाठी पोर्टेबल मशीन वस्तीत फिरवता येत नाही. आराखड्यात रिक्षाभाडे आणि बुडालेल्या रोजाची भरपाई धरली नसेल तर बऱ्याच बायका केंद्रापर्यंत पोहोचत नाहीत.

माप घेताना

रक्तदाबाचा पट्टा उघड्या दंडावर लागतो. घट्ट ब्लाउजची बाही वर सरकवली तर ती दोरीसारखी आवळते आणि आकडा चुकतो. बाही निघत नसेल तर गाऊन द्यावा. पाच मिनिटे पाठ टेकून बसवून, मिनिटाच्या अंतराने दोन मापे. कंबर मोजताना साडीच्या निऱ्यांवरून फीत फिरवण्याची सवय घातक: शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मध्यावर त्वचेला लागून माप घ्यायचे असते आणि भारतीय स्त्रीसाठी ८० सेंटिमीटर ही धोक्याची रेषा आहे. उंचीला अंबाडा सोडायला लावावा.

रक्ताच्या बाबतीत ठाणे जिल्हा अवघड आहे. गरोदर नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या खाली आणि गरोदर स्त्रीचे ११ च्या खाली गेले तर रक्तक्षय धरतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया त्यात मोडल्या. ती मोजणी बोट टोचून घेतलेल्या थेंबावर होती. बोट पिळले तर ऊतींतले पाणी मिसळून आकडा खाली येतो. म्हणून संशोधनात शिरेतले रक्त घ्यावे. त्याहून मोठी चूक म्हणजे प्रत्येक रक्तक्षय लोहाच्या गोळ्यांनी बरा होईल असे मानणे. उल्हासनगरच्या सिंधी समाजात बीटा थॅलेसेमियाचे वाहक बरेच आहेत आणि शहापूर-मुरबाडच्या आदिवासी पाड्यांवर सिकलसेल आहे. अशा स्त्रीला वर्षभर लोह दिले तरी आकडा हलत नाही आणि ‘गोळ्या खात नाही’ असा ठपका तिच्यावर येतो. एचबीए२ची (हिमोग्लोबिनचा प्रकार ओळखणारी) तपासणी एकदाच, नोंदणीवेळी केली की पुढची भांडणे वाचतात. फेरिटिन (शरीरातल्या लोहसाठ्याची खूण) मोजताना सीआरपीही (दाहाची खूण) मोजावे. अंगात दाह असेल तर लोह संपलेले असूनही फेरिटिन वर दिसते.

साखरेचे तसेच. भारतात सरकारी कार्यक्रमात गरोदर स्त्रीला, ती जेवलेली असो वा नसो, ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी १४० किंवा जास्त साखर आली तर गरोदरपणातला मधुमेह धरतात. आंतरराष्ट्रीय निकष उपाशीपोटी ९२, तासाने १८० आणि दोन तासांनी १५३ असे आहेत. दोन निकषांचे आकडे एका तक्त्यात घालू नयेत. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर चाचणी दुसऱ्या दिवशी पुन्हा. नमुना राखाडी झाकणाच्या नळीत घ्यावा. साध्या नळीत, एप्रिलच्या उन्हात, घोडबंदरच्या कोंडीत दोन तास गेले की पेशी साखर खाऊन टाकतात.

शब्द, आडोसा, कायदा

प्रश्नावलीत ‘योनिस्राव’ लिहिले तर कोणी हो म्हणत नाही. ‘अंगावरून पांढरे जाते का’ विचारले तर सांगतात. गर्भाशय खाली सरकणे म्हणजे ‘अंग बाहेर येणे’, रजोनिवृत्तीतली तगमग म्हणजे ‘अंगातून वाफा येणे’. दहा बाय दहाच्या खोलीत सासू समोर असताना गर्भपात, मारहाण, नैराश्य यांची उत्तरे खोटी येतात. दोघींनी जावे: एकीने सासूबाईंचा रक्तदाब घेत दाराशी बसावे, दुसरीने आत बोलावे. बाळंतपणानंतरच्या नैराश्यासाठी वापरतात त्या एडिनबर्ग प्रश्नावलीतला दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराचा आहे. त्याला होकार आला तर फॉर्म गठ्ठ्यात न टाकता त्याच दिवशी डॉक्टरपर्यंत न्यावा लागतो. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चिठ्ठीवर लिहून द्यावा. अठराखालच्या मुलीच्या अभ्यासात पालकांच्या संमतीबरोबर तिचा स्वतःचा होकारही लागतो, आणि ती गरोदर निघाली तर बालकांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. हे संमतीपत्रात आधी सांगितले नाही तर तो विश्वासघात ठरतो.

वयागणिक उत्तर बदलते

टाटा स्मारकने मुंबईच्या वस्त्यांत ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रियांवर केलेली चाचणी इथे वाचण्यासारखी आहे. गर्भाशयमुखावर सौम्य अॅसिटिक अॅसिड लावून, मिनिटभर थांबून पांढरा डाग शोधण्याची तपासणी प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी केली आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले (२०१४). पण रजोनिवृत्तीनंतर तपासायचा भाग आत सरकतो आणि तीच सोपी तपासणी बेभरवशाची होते. तिथे एचपीव्ही (या कर्करोगाला कारण ठरणाऱ्या विषाणूची) चाचणी बरी. त्याच अभ्यासात हाताने केलेल्या स्तनांच्या तपासणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले: सगळ्या वयांत मिळून मृत्यूंमधली घट १५ टक्के आणि तीही ठाम म्हणता न येण्यासारखी, मात्र पन्नाशीपुढच्या स्त्रियांत जवळपास ३० टक्के. वयोगट वेगळे काढले नसते तर ही तपासणी बाद ठरली असती.

आणि तरी बहुतेक पाहण्या ४९ ला थांबतात. त्यापुढचे भारतातले मोठे साधन म्हणजे देवनारच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ पासून सुरू केलेला, ४५ पुढच्या सुमारे ७२ हजार लोकांचा वार्धक्याचा दीर्घकालीन अभ्यास. रजोनिवृत्तीचे वय विचारताना ‘पाळी गेली की पिशवी काढली?’ हा प्रश्न आधी हवा, नाहीतर शस्त्रक्रियेची वर्षे नैसर्गिक वयात मिसळतात. दवाखान्यात बारा महिने पाळी नसेल तर ती गेली असे धरतात, राष्ट्रीय पाहणी सहा महिन्यांवरच धरते. तुलना करताना हेही पाहावे.

साठीपुढच्या बाईची जन्मतारीख आधार कार्डावर बहुधा १ जानेवारी असते. ती बाजूला ठेवून वय घटनांशी जुळवावे. १९७२ च्या दुष्काळात कडेवर कोणते मूल होते? बेलापूरपट्टीतल्या आगरी आजीला १९८४ चे जासईचे शेतकरी आंदोलन विचारावे, तेव्हा थोरली शाळेत जात होती का. वाशीला लोकल आली १९९२ ला, तेव्हा पाळी चालू होती की गेली होती. २६ जुलै २००५ चा पूर तर सगळ्यांना आठवतो. अशा चार खुणा जुळल्या की वय दोन वर्षांच्या आत बसते, आणि फॉर्मवर कार्डाचे वय एका रकान्यात, आजीने सांगितलेले दुसऱ्या रकान्यात लिहितात.