रोमन मोहरेवरचा हर्क्युलस आणि झिजणारा ठसा

रोमन लोक सोन्याची नाणी साच्यात ओतून बनवायचे असं परवा एका व्हिडिओत ऐकलं आणि राहवलंच नाही. अहो, ओतून नाही, ठोकून! खालचा ठसा ऐरणीत पक्का बसवलेला, त्यावर सोन्याची चकती, वर दुसरा ठसा हातात धरायचा आणि हातोड्याचा दणका, की ऑरियस, म्हणजे रोमन सोन्याचं नाणं, तयार. सोनं जवळजवळ शुद्ध म्हणजे मऊ, ते ठशाच्या बारीकसारीक खाचेत शिरतं. इसवी सन 77-78 मध्ये डोमिशियनच्या (हा पुढे सम्राट झाला) नावाने निघालेल्या ऑरियसवर लांडगीण रोम्युलस-रीमसला, म्हणजे दंतकथेतल्या रोमच्या जुळ्या संस्थापकांना, दूध पाजतेय, खाली इवलीशी होडीपण आहे, आणि हे सगळं जेमतेम 2 सेंटिमीटरच्या नाण्यावर, तेही ठशात उलटं कोरून!

आता खरी गंमत. सम्राटाचा चेहरा साधारणपणे खालच्या ठशात, देवदेवता वरच्या. हातोडा थेट खातो तो वरचा, म्हणून तोच आधी झिजतो, तडकतो. मग चेहऱ्याचा ठसा तोच राहतो आणि त्याच्या जोडीला समजा हर्क्युलस या बलवान वीरदेवाचा ठसा नंबर एक, तो गेला की नंबर दोन. पुढे चेहऱ्याचा ठसाही बदलतो पण हर्क्युलस दोन अजून चालू असतो, म्हणजे जुना चेहरा-दोन, नवा चेहरा-दोन, नवा चेहरा-तीन अशी साखळी लागते. त्यात ठशाला तडा गेला की सोनं तड्यात घुसतं आणि नाण्यावर बारीक उंच रेघ उमटते, ती रेघ जितकी लांब तितकं नाणं नंतरचं. साल छापलेलं नसलं तरी कुठलं आधी कुठलं नंतर हे असं कळतं, भारीच ना!

असली नाणी तिजोरीत ठेवली की बरकत येते म्हणून विकणारे भेटतात त्यांना एवढंच सांगा, की सम्राट कमोडसने नाण्यांवर स्वतःलाच सिंहाचं कातडं घालून हर्क्युलस करून घेतलं होतं आणि 192 च्या 31 डिसेंबरला त्याला गळा दाबून मारला.

आपल्याकडे तमिळनाडूत पुदुकोट्टईजवळ 1898 मध्ये 501 ऑरियस सापडले, बहुतेकांवर सम्राटाच्या तोंडावर छिन्नीचा घाव. नाणं म्हणून परत चालू नये, नुसतं सोनं म्हणून धरावं यासाठी तो मारला असावा असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं. सम्राट नीरोने इसवी सन 64 मध्ये ऑरियसचं वजन उतरवलेलं, एका रोमन पौंडात 40 ऐवजी 45 नाणी, त्यामुळे काटा लावून घेणंच बरं.